तिसऱ्या पदातला चार

माझं अक्षर चांगलं आहे. स्वतःच्या तोंडाने हे सांगू नये, पण इथे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण जे काही झालं ते त्या अक्षरापायीच झालं.

मी कृष्णकांत कर्णिक. वीज मंडळात चौतीस वर्षं काढली. सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून लागलो आणि शेवटी उपअभियंता होऊन घरी बसलो. आमच्याकडे दर तासाला लॉगशीट भरायची असे: व्होल्ट किती, ॲम्पिअर किती, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान किती. मी आकडे मराठीत लिहायचो. कुणाचा हुकूम होता म्हणून नव्हे, हाताला तेच वळण होतं म्हणून. घाईत माझा एक म्हणजे नुसता उभा दांडा, आणि चारची वरची दोन टोकं एकमेकांना चिकटायची. दयाराम नावाचा आपटा गावचा एक हेल्पर होता. तो एकदा लॉगशीट डोळ्यांजवळ धरून म्हणाला, "सायेब, ह्यो चार हाय का इंग्रजी आट? आमाला तं आटच दिसतोय." मी त्याला असा झापला की पुन्हा त्याने माझ्या कागदाला हात लावला नाही. माझ्या अक्षराला नावं ठेवणारा तो एकटाच, आणि तोही सातवी नापास. बिचारा आता हयात नाही.

लॉगशीटवर खाडाखोड चालत नसे. आकडा चुकला तर त्याच्याभोवती गोल करायचा, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, खाली सही, तारीख आणि वार. वार कशाला, तर तारखेत माणूस चुकतो, वारात सहसा चुकत नाही, असं आमच्या पहिल्या साहेबांचं म्हणणं. ही सवय माझ्या अंगात इतकी भिनली आहे की किराण्याच्या यादीतसुद्धा मी गोल करून सही करतो आणि वसुंधरा, माझी बायको, कपाळाला हात लावते.

वल्लरी आमची एकुलती एक मुलगी. तिचं अक्षर म्हणजे देवाचं नाव घ्या. शाळेत असल्यापासून गणित सोडवायला तिला वही चालायची नाही. लग्नपत्रिकेची मागची बाजू, औषधाचं खोकं, कॅलेंडरचं फाटलेलं पान, काहीही. सोडवून झालं की तो कागद घरात कुठेतरी भटकत राहायचा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी रडारड. शेवटी मी एक जाड रजिस्टर आणलं आणि तिचे कागद त्यात नीट उतरवायला लागलो. दहावीला उतरवले, बारावीला उतरवले, एमएस्सीलाही. ती विचार करायची, मी उतरवायचो. पीएचडीला आली तोवर मला सगळी ग्रीक अक्षरं येत होती. अर्थ विचाराल तर डोंबल. पण गॅमा असा काढायचो की छापल्यासारखा. तिच्या वहीत मात्र आकडे इंग्रजी. ती शिस्त मी कटाक्षाने पाळली. अपवाद फक्त एका दिवसाचा.

तिचा विषय क्वांटम ट्रान्सपोर्ट. म्हणजे अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या तारेतून वीज कशी जाते त्याचं गणित. प्रयोगशाळा नाही, उपकरणं नाहीत, नुसता कागद आणि कॉम्प्युटर. मी म्हटलं, विजेतलं मला विचार. तर पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. माझं म्हणणं, तार शुद्ध असेल, आखूड असेल, मध्ये काही अडथळा नसेल, तर रोध शून्य. ती म्हणे, नाही बाबा, तार कितीही निर्दोष असली तरी रोध उरतोच, आणि तो तारेत नसतो, तोंडाशी असतो, जिथे रुंद जागेतले इलेक्ट्रॉन अरुंद वाटेत शिरतात तिथे. मी दोन दिवस ऐकलं नाही. मग वसुंधरा वाटाणे सोलता सोलता म्हणाली, अहो, लग्नात जेवणाच्या हॉलच्या दाराशी होतं तसं. बाहेर जागा असते, आत जागा असते, गर्दी होते ती दारात. वल्लरी म्हणाली, आईला कळलं. मी वाटाणे सोलायला घेतले.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती अशी, की अशा तारेतून वीज वाढते ती उतारासारखी नाही, पायरीपायरीने. एक पायरी, दोन, तीन. अर्धी पायरी नसते. आणि वल्लरीला तिच्या गणितात अर्धी पायरी सापडली.

ते लॉकडाऊनचं वर्ष. पीएचडीनंतर ती जर्मनीत पोस्टडॉक करत होती. पोस्टडॉक म्हणजे दोन वर्षांचं कंत्राट. ते संपलं की दुसऱ्या देशात दुसरं. आमच्या खात्यात रोजंदारीवर लाइनमन असत, तशातलाच प्रकार, फक्त इंग्रजीत. तिथलं सगळं बंद झालं म्हणून ती पनवेलजवळ आमच्या सुकापूरच्या फ्लॅटवर आली आणि पाच महिने राहिली. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती प्रिंटरच्या जाड कागदांवर पेन्सिलीने गणित करायची आणि दुसऱ्या टोकाला मी ते निळ्या शाईने रजिस्टरमध्ये उतरवायचो. खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले पाच महिने. लोक मरत होते, आणि मी सुखात होतो.

जूनच्या सुरुवातीला चक्रीवादळ आलं. खांब आडवे झाले, आमच्याकडे पाच दिवस वीज नव्हती. मी निवृत्त झालेला माणूस, मला काय करायचंय? पण बसवेना. जुन्या पोरांना फोन लावून कोणता फीडर, म्हणजे कुठल्या भागाची लाइन, कधी सुरू झाला ते विचारायचो आणि जे पान समोर असेल त्याच्या समासात टिपून ठेवायचो. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने गॅमा. वल्लरी हसायची. म्हणायची, बाबा, माझ्या तारेला तुमच्या फीडरची बाधा होईल.

पुढच्या वर्षी तिचा पेपर छापून आला. रजिस्टर ती सोबत घेऊन गेली होती, त्यावरून तिने कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहिला, आणि सुट्टीवर आली तेव्हा रजिस्टर परत आणून कपाटात ठेवलं. मूळ कागद? ते मी रद्दीत घातले होते. वहीत उतरवलंय ना, मग कशाला पसारा. पेपरचं खूप कौतुक झालं. साठ-सत्तर जणांनी आपल्या पेपरात त्याचा उल्लेख केला. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत दोन विद्यार्थी तर ती अर्धी पायरी प्रत्यक्ष मोजायच्या कामाला लागले, पीएचडीसाठी. सोसायटीत लोक मला विचारायचे, तुमची मुलगी अजून शिकतेच आहे का? मी छाती काढून अर्धी पायरी समजावायचो, कुणाला ऐकायची असो वा नसो.

जर्मनीनंतर फिनलंडमध्ये तीन वर्षं झाली. तेही कंत्राट संपलं आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात ती दोन बॅगा घेऊन घरी परतली. छत्तीस वर्षांची. लग्न नाही, नोकरी नाही, आणि डोक्यात जगात मोजक्या लोकांना कळणारं गणित. तिने तेवीस ठिकाणी अर्ज केले. बावीस ठिकाणांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. एका संस्थेने बोलावलं, दक्षिणेतली मोठी संस्था, कायमची जागा. मुलाखत सतरा फेब्रुवारी, सोमवार. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. ही जागा गेली की पुढे दार नाही, हे तिने आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. वसुंधराने गणपतीला एकवीस मोदकांचा नवस बोलला. मी नवसबिवस मानत नाही, पण मोदकांना हो म्हणालो.

जानेवारीच्या अखेरीस त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचं पत्र आलं. इतकं नम्र पत्र की वाचून मला त्याचीच दया आली. लिहिलं होतं, आम्ही तीन वर्षं शोधतोय, अर्धी पायरी दिसत नाही. म्हणून तुमचं गणित पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्या पदात छेदस्थानी आम्हाला चार मिळतो, तुमच्या पेपरात आठ आहे. आमचं नेमकं कुठे चुकतंय, ते सांगाल का?

वल्लरी अकरा दिवस टेबलाशी बसून होती. पहिल्या दिवशी तिला चार मिळाला. मग वेगळ्या रीतीने केलं, चार. आणखी वेगळ्या रीतीने, चार. आठ ऐवजी चार घातला की अर्धी पायरी भरून अख्खी व्हायची, म्हणजे नवं काहीच नाही. मी विचारलं, मग इतक्या वर्षांत कुणाला कसं कळलं नाही? ती म्हणाली, ओळखीच्या सगळ्या तारांमध्ये ते तिसरं पद शून्य होतं, म्हणून तपासताना सगळं बरोबर यायचं. फक्त माझ्या तारेत ते शून्य नव्हतं. रजिस्टर काढून पाहिलं तर तिथेही आठ. तिने माझ्याकडे मूळ कागद मागितले. मी रद्दीचं सांगितलं. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या झाल्या.

मला तिचं हरणं बघवत होतं, पण ती ज्या प्रकारे स्वतःला बोलत होती ते ऐकवत नव्हतं. बारावीतलं पोर करणार नाही अशी चूक, म्हणायची. पाच ओळींत कुठेच आठ येत नाही, मग मी कुठून आणला? तो लिहिताना माझ्या डोक्यात काय होतं? चूक झाली याचं तिला इतकं नव्हतं. चूक कुठून आली ते सापडत नाही, याने ती पोखरली जात होती.

तिने ठरवलं की पेपर छापणाऱ्या मासिकाला कळवायचं आणि मुलाखतीत सुरुवातीलाच सांगायचं, की माझा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. मी म्हटलं, आधी जागा मिळू दे, मग सांग. महिनाभराने कुणाचं काय बिघडतंय? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"बाबा, तुम्ही लॉगमध्ये खोटा आकडा लिहिला असतात?"

मी नाही म्हणालो. आणि ते खरं होतं, तोपर्यंत.

चौदा तारखेला दुपारी ती मुलाखतीची कागदपत्रं प्रिंट करायला पनवेलला गेली. टेबल आवरावं म्हणून मी रजिस्टर उचललं, तर ते पान उघडंच होतं. समासात माझ्या फीडरच्या नोंदी, मराठी आकड्यांत. आणि त्यांच्या शेजारी, तिसऱ्या पदाच्या छेदस्थानी, तो आठ. मी चष्मा पुसला. तो आठ नव्हता. तो माझा चार होता. स्वतःच्या हातचा चार माणसाला ओळखू येत नाही का? वरची टोकं चिकटलेली, खालची गाठ जरा तिरपी. एका हाताने फोन, समासात मराठी आकडे, आणि तोच हात तसाच समीकरणात गेला होता. तिने तो इंग्रजी आठ म्हणून वाचला, कारण त्या वहीत मी कधीच मराठी आकडा काढत नाही असा तिचा विश्वास होता.

 आणि मग मी काय केलं असेल? विचार करायच्या आधी हात चालला. चारभोवती गोल केला, शेजारी इंग्रजीत चार लिहिला, खाली सही ठोकली. कपाळ माझं.

मग खात्री करायचं खूळ डोक्यात शिरलं. सगळी रद्दी गेली असली तरी वसुंधराने तेव्हा त्यातले जाड कागद ड्रॉवरमध्ये खाली अंथरले होते, ते मला आठवत होतं. दोऱ्यांचा ड्रॉवर, औषधांचा ड्रॉवर, देवाच्या सामानाचा ड्रॉवर, सगळे पालथे घातले. अकरा कागद निघाले. सातवा तो होता, दोऱ्यांच्या रिळांखालचा. पेन्सिलीने, तिच्या त्या गिचमिड अक्षरात, तिसऱ्या पदाखाली सरळ, इंग्रजी चार. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तो कागद मी रजिस्टरमध्ये ठेवला आणि रजिस्टर माळ्यावर, जुन्या कुकरच्या खोक्यामागे टाकलं. का? मी स्वतःला हजार कारणं सांगितली. सोमवारी मुलाखत आहे, आता सांगितलं तर तिचं चित्त उडेल. झाली की सांगू. पण खरं कारण एकच होतं, मी घाबरलो होतो. पोरीचं इतक्या वर्षांचं काम माझ्या एका आकड्याने बुडवलं, हे तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. तिने रजिस्टर विचारलं तेव्हा मी म्हणालो, आता कशाला डोकं खपवतेस, मी ठेवून दिलंय. तिला ते काळजीपोटी वाटलं असावं.

रविवारी दुपारी टॅक्सी खाली उभी होती. बॅग उचलून ती दारात थांबली.

"बाबा, ते विचारतील, चूक कशी झाली. काय सांगू?"

वसुंधरा तिच्या हातावर दही घालत होती. कुकरचं खोकं माझ्या डोक्याच्या वर दोन फुटांवर होतं. एक स्टूल, दोन मिनिटं, बस.

"सांग, माणूस आहे, होते चूक," मी म्हणालो.

अठरा तारखेला, मंगळवारी, ती परत आली. जेवताना तिने सगळं सांगितलं. व्याख्यानाच्या सुरुवातीलाच तिने चूक कबूल केली होती, आणि समितीतले लोक चिडले नाहीत, उलट एकाने प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मग अध्यक्षांनी विचारलं, चार ऐवजी आठ आला कसा? ती म्हणाली, माहीत नाही. ते म्हणाले, उतरवताना चूक झाली का? मूळ कागद आहेत का? ती म्हणाली, नाहीत, आणि माझ्या वहीत आठच आहे. तेव्हा ते म्हणाले, आणि फार प्रेमाने म्हणाले म्हणे, की चुका आम्ही सगळ्यांनीच केल्या आहेत, पण सैद्धांतिक काम करणाऱ्याला आपली चूक कुठून आली हे सांगता यायला हवं, नाहीतर त्याच्या पुढच्या आकड्यावर आम्ही विश्वास कसा ठेवायचा? एवढं सांगून तिने ताटातला भात कालवला आणि तसाच ठेवला.

एका वाक्याचं उत्तर होतं ते. वडिलांनी उतरवताना मराठी चार लिहिला, मी तो आठ वाचला. समिती हसली असती. कदाचित जागाही मिळाली असती. आणि ते उत्तर माझ्या माळ्यावर होतं.

मार्चच्या मध्याला नकाराचं पत्र आलं. त्या दिवशी ती रडली नाही. दुपारभर झोपली, उठून चहा केला, आम्हाला दिला. त्यानंतर जे सुरू झालं ते मात्र कुणालाही आपल्या मुलीच्या बाबतीत पाहावं लागू नये. गॅस बंद केलाय का ते ती तीनतीनदा बघायची. दाराला कुलूप लावून जिना उतरायची आणि परत चढायची. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आईला विचारायची, स्वतः मोजलेल्या असूनही. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी वर्षभराचं काम देऊ केलं, तर तिने नाही म्हणून कळवलं. वसुंधरा म्हणाली, अगं, का? ती म्हणाली, "माझ्या आकड्यावर विसंबून कुणी काही करू नये. ती दोन पोरं तीन वर्षं हकनाक घालवून बसली."

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. नोकरी गेली ती गेली, पण आपलं डोकं बिघडलंय असं समजून माझी पोर जगणार होती, आणि डोकं तर तिचं शाबूत होतं. सकाळी दहाच्या सुमारास वसुंधरा बाजारात गेल्यावर मी स्टूल घेतलं, रजिस्टर काढलं आणि तिच्यासमोर उघडून ठेवलं.

"हा आठ नाही," मी म्हणालो. "चार आहे. माझा चार."

 मग मी तिचा तो कागद पुढे केला. दोऱ्याच्या रिळांचे गोल वण उमटलेला. तिने आपल्या पेन्सिलीच्या चारवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"मी चारच लिहिला होता," ती म्हणाली. माझ्याशी नाही, स्वतःशी. तिच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा रंग आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी परत मिळालं तिला. मी वादळ, फीडर, फोन, सगळं धडाधडा सांगितलं. माफी मागितली. बापाने मुलीची मागावी तशी नाही, हाताखालच्या माणसाने साहेबांची मागावी तशी. ती मान हलवत होती. मग तिची नजर त्या गोलावर गेली, गोलावरून सहीवर.

"तुम्हाला कधी कळलं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "मुलाखत झाल्यावर," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, सहीखाली अंगठा ठेवला. तिथे तारीख होती. घाईतला माझा एक, नुसता दांडा, आणि त्याच्यापुढे तोच, टोकं चिकटलेला आकडा.

"बाबा, हे चौदा आहे की इंग्रजी अठरा?"

चौतीस वर्षांत मी लॉगमध्ये एक खोटा आकडा लिहिला नाही. रात्रपाळीला झोप लागली तर झोप लागली असं लिहिलंय, मेमो घेतलाय. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज अगदी साधा होता, लहानपणी वहीतला आकडा विचारायची तसा.

"अठरा," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि रजिस्टर मिटलं.

त्याच दिवशी तिने मासिकाला आणि त्या विद्यार्थ्याला चूक कशी झाली ते कळवलं. पत्र मला दाखवलं. त्यात लिहिलं होतं, वहीतला आकडा मी चुकीचा वाचला. माझं नाव कुठेही नव्हतं. संस्थेला नाही कळवलं. तिथे दुसऱ्या कुणाची नेमणूक झाली होती. विद्यार्थ्याचं आभाराचं उत्तर आलं. त्याने पीएचडी सोडली आहे.

आता ती कळंबोलीत एका क्लासमध्ये प्रवेशपरीक्षेच्या मुलांना विद्युतधारा शिकवते. गॅस एकदाच बघते. आमच्याशी नीट बोलते, वसुंधराशी हसतेसुद्धा. घरी कधीमधी कागदावर काहीतरी मांडते, अजून पेन्सिलीनेच. मी एकदा विचारलं, उतरवून ठेवू का? ती म्हणाली, नको बाबा, फाडायचेच आहेत. आणि खरंच चार तुकडे करून केराच्या डब्यात टाकते. माझ्याकडे आता उतरवायला काही नाही. मी सकाळी वर्तमानपत्र वाचतो, संध्याकाळी खांदेश्वरच्या तळ्याला फेरी मारतो, वेळ जाता जात नाही.

मला वाटत होतं, तिने मला माफ केलं. मग परवा वसुंधरा म्हणाली, ते रजिस्टर पडून राहिलंय, रद्दीत देऊ का? मी शेवटचं म्हणून ते पान उघडलं. गोल, शेजारी चार, खाली सही, सहीखाली तारीख. आणि तारखेच्या पुढे, चौतीस वर्षांच्या सवयीने, वाचताना कुणाचीही चूक होऊ नये अशा स्वच्छ अक्षरात मी लिहून ठेवलं होतं: शुक्रवार. तिने मला विचारलं तेव्हा तिचा अंगठा त्या शब्दाला लागून होता.